वैद्यगोचीड

गोठ्यात गोचीड मारायला आता सक्त मनाई होती. मोरदऱ्यातल्या प्रत्येक गोठ्यावर तशी पाटी होती आणि पाटीवर हसऱ्या गोचिडाचे चित्र. हसणारा गोचीड! सरकारी कल्पनाशक्तीला कोपरापासून नमस्कार.

या साऱ्या शहाणपणाचे जनक डॉ. चारुहास आठल्ये. गोचीड रक्त पिताना जनावराच्या अंगात लाळ सोडतो आणि त्या लाळेतूनच गोचीडतापाचे परजीवी रक्तात शिरतात. आठल्यांनी गोचिडाची जनुकेच बदलली आणि त्याच्या लाळेत तापावरचे औषध तयार होऊ लागले. चोरालाच पहारेकरी नेमले म्हणा ना! या ‘वैद्यगोचिडा’पुढे इंजेक्शने कोण विकत घेणार? त्यांचे कारखाने बंद पडले. मात्र जन्मापासून औषधावर पोसलेल्या गाईचे रक्त स्वतः लढायला शिकतच नाही. आठल्यांना हे ठाऊक होते. पाटीवर ते लिहिले नाही, कारण चित्राला जागा कमी पडली असती.

भामाबाई कोळप्यांनी पाटी वाचली होती, पण बोटे ऐकत नव्हती. धार काढून झाली की चंद्री गाईच्या गळ्याखालचे गोचीड वेचून विस्तवात टाकायचे, ही सासूने लावलेली सवय. चंद्रीही मान लांब करून, डोळे मिटून उभी राहायची. रानात अजून जुने, साधे गोचीड होतेच. चरताना त्यातला एक चावला आणि वैद्यगोचिडांचे औषध अंगात न उरलेली चंद्री तापाने खाली बसली.

"एक गोचीड ठिवला न्हाई हो मी तिच्या अंगावर," भामाबाई गोठ्यात आलेल्या आठल्यांना म्हणाल्या.

"म्हणूनच मरतेय ती," आठल्ये नाकाला रुमाल लावून म्हणाले. "ही माया नव्हे बाई, अडाणीपणा आहे."

"मग सुई टोचा की."

"सुई आता कुणी बनवत नाही." त्यांनी डबी पुढे केली. आत गोचीड वळवळत होते. "हे लावा गळ्याखाली. तुम्हीच लावा, मला ती जवळ येऊ देत नाही."

भामाबाईंनी हात पुढे करताच चंद्रीने नेहमीसारखी मान लांब केली. भामाबाई रडत रडत एकेक गोचीड चावा घेईपर्यंत दाबून धरत राहिल्या.

आठवड्याभरात चंद्री उठली. तिच्यासोबत फोटो काढून घ्यायला आठल्ये लगबगीने आले. भामाबाईंचा हात सवयीने तिच्या गळ्याकडे गेला, तशी चंद्री दावे ताणून मागे सरली.

"जगली ना? मग आता रडायला काय झालं?" आठल्ये म्हणाले.

भामाबाईंनी हात पदराखाली घेतला.