सोफ्यापुढची जागा

सोफ्याला शोभेल असं टीपॉय शोधायला मी पहिल्यांदा श्रीरामपूरला गेलो, तो रविवार होता. सत्तर सालचा चैत्र. पुणतांब्याहून सकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा खिशात टेप होता आणि वहीच्या पानावर सोफ्याचं चित्र, सगळ्या मापांसकट. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. माझी बायको रतन म्हणायची, “ह्यांना भेंडीसुदिक एका मापानं चिरल्याली लागती.” ती खोटं म्हणत नव्हती.

तुम्हाला वाटेल, स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं भाड्याचं घर, वर पत्रा, आणि मास्तरला सोफ्याची हौस! हौस नव्हती हो. मनकर्णा, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. तिला सांधे सुजून ताप आला होता, आणि तो जाता जाता तिच्या काळजाची झडप खराब करून गेला. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुंबईत ऑपरेशन होतं, पण हिच्या अंगात तेवढं बळ नाही, जपा. जपा म्हणजे काय करा, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मनू आडवी झाली की तिला श्वास पुरायचा नाही, ओठ जांभळे पडायचे. सहा महिने मी, रतन आणि माझी आई गोजरबाई, तिघं पाळीपाळीनं तिला छातीशी उभी धरून बसत होतो.

मग गावातले बडे बागाईतदार, आबासाहेब, यांनी मळ्यातला बंगला मोडायला काढला आणि सामान विकलं. त्यात हा सोफा होता. सागवानी, तिघांना पुरेल एवढा, हात रुंद, पाठ चांगली मागं कललेली, वर हिरवी मखमल, तीही कडांना विरलेली. त्यांचा म्हातारा गडी भीमा बैलगाडीतून तो घेऊन आला. आईनं उंबऱ्यातच त्याला अडवलं.

“भीमा, खरं सांग बाबा. ह्याच्यावर कुनाचा जीव गेलाय का?”

“माज्या लेकराची आन, आजी. ह्याच्यावर एकसुदिक जीव गेला न्हाई.”

त्या दुपारी मनू त्या कललेल्या पाठीला टेकून झोपली ती दिवेलागणीलाच उठली. सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपली. रतन पदर तोंडात कोंबून रडली. तेव्हापासून आमच्या घरात देवाच्या खालोखाल तो सोफा. त्यावर मनूशिवाय कुणी बसायचं नाही, असा नेमच झाला.

तर टीपॉय. औषधाच्या बाटल्या, पाण्याचा तांब्या, मनूची रंगपेटी ठेवायला काहीतरी हवंच होतं. आणि हवंच आहे तर जोडीला शोभणारं का नको? श्रीरामपुरात जुन्या सामानाच्या दुकानात शिसवी लाकडाचं एक गोल टीपॉय मिळालं. उंची बैठकीला बरोबर. घरी आणून सोफ्यापुढं मांडलं, चार पावलं मागं सरून पाहिलं आणि मनापासून समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो, तर टीपॉय भिंतीकडेला. वरचा तांब्या काठोकाठ भरलेला, थेंबसुद्धा सांडलेला नाही. रतन म्हणाली, आईंनी ठेवलं असेल. आई म्हणाली, “माज्या कमरंत येवडं बळ आसतं, तर तुला आजून बदडला नसता व्हय?” आम्ही हसलो. मी टीपॉय पुन्हा जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीला.

मी ठरवलं, दोष माझ्याच निवडीचा. गोल टेबल येता-जाता पायात येतं, लांबट हवं. पुढच्या रविवारी कोपरगाव गाठलं आणि सागवानी लांबट टेबल आणलं, दोन माणसांनी उचलावं असं. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी तेही भिंतीला, आणि फरशीवर सरकवल्याचा ओरखडा नाही. कुणीतरी अलगद उचलून ठेवलेलं होतं. या वेळी सोफ्यापुढची फरशी ओली दिसली. मी वाकलो. शेणाचा वास आला. जागा सारवलेली होती. ताजं सारवण, बोटांच्या अर्धगोल रेघा अजून ओल्या, कडा मात्र पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. शहाबादी फरशी कुणी सारवतं का? आमच्याकडे गाय नाही, म्हैस नाही. मी रतनचे आणि आईचे हात हुंगले. सांगायला लाज वाटते, पण हुंगले. त्यांच्या हातांना भाकरीचा वास होता.

मनू टेकून बसली होती. तिला काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

“मनू, इथं कोण आलं होतं?”

“बाया.”

“कुठल्या बाया?”

“दुपारच्या. आई न् आजी झोपल्या का येत्यात. टेबल उचलून ठिवत्यात, सारवत्यात... मंग त्यातली एक मला म्हनती, झाली बरं का गं जागा.”

हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून मी टेप काढला आणि ती सारवलेली जागा मोजली. रुंदी दीड फूट. लांबी तीन फूट दहा इंच. मनूची उंची मला पाठ होती. तिच्या शाळेच्या कार्डावर ती मीच लिहिली होती.

तसाच मळ्यावर गेलो. बंगल्याचं छप्पर उतरलं होतं, आणि भीमा कौलं रचत बसला होता.

“भीमा, तू लेकराची शपथ घेतली होतीस.”

“खोटी न्हाई घेतली, मास्तर.” त्यानं कौल खाली ठेवलं. “वर कुनाला जाऊ देत्यात का? जीव घुटमळाया लागला का जागा सारवायची, मानूस खाली घ्यायचं. भुईवर गेलं म्हंजी सुटतं. तुमच्यातबी तसंच आसंल की.”

“तसंच आहे.”

“मंग? ह्या घरातली दुखनेकरी मानसं समदी त्या सोफ्यावर टेकून आसायची. येळ आली का बाया खाली घ्यायच्या. वर कुनीच गेलं न्हाई.”

“किती जणं?”

तो बोटं मोजायला लागला. एक हात संपला, तसा दुसऱ्या हातावर गेला. “सात.”

“आणि सारवायचं कोण?”

“घरच्या बाया. पर एकेक करून त्याबी ग्येल्या. आबासायबांच्या आईच्या टायमाला घरात बाई मानूस उरलं नव्हतं. भर दुपार हुती. म्या म्हनलं आपनच सारवू. शेन घिऊन आत ग्येलो, तर...”

“तर काय?”

“जागा सारवल्याली हुती, मास्तर.”

तुम्ही विचाराल, मग तो सोफा जाळून का टाकला नाही? घरी आल्या आल्या मी तो ओढत अंगणात काढला. मनूला खाटेवर उशा रचून बसवलं. घटकाभरात तिची नखं निळी पडली, डोळे फिरायला लागले. रतन ओरडली, “आना हो त्यो आत!” मीच तो आत आणला. मनूला टेकवलं आणि तिला श्वास पुरायला लागला. जिथून तिला नेणार होते, तिथंच तेवढी हवा तिला पुरत होती. याहून वाईट काही असेल, तर मला ते माहीत नाही.

मग डोक्यात एकच विचार बसला. जागाच उरली नाही, तर हिला खाली घेतील कुठं?

आता टेबल निवडायची माझी रीत बदलली. लाकूड कुठलं, रंग कुठला, सोफ्याला शोभतंय का, काही पाहिलं नाही. दुकानात जायचो आणि उचलून बघायचो. उचललं गेलं तर नको म्हणायचो. बंद पडलेल्या हॉटेलातली दगडी फळीची दोन टेबलं आणली. शिंप्याचं कापड बेतायचं टेबल आणलं. शाळेच्या अडगळीतलं एक हेडमास्तरांना विचारून आणलं. सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत खोली ठासून भरली. पाय पायांना पट्ट्यांनी जोडले, खिळे ठोकले. सोफ्यापर्यंत जायला फक्त आतल्या दाराकडून हातभर फट ठेवली. रतन पट्ट्या धरत होती, मी ठोकत होतो. आई उंबऱ्यात बसून बघत होती.

“आरं, भुई झाकू नये,” ती म्हणाली. “लेकराला वाट ठिव.”

“वाटच ठेवायची नाही, आई.”

नऊ दिवस एकही टेबल हललं नाही. सारवण दिसलं नाही. मनूनं वरणभात मागून खाल्ला, दगडी टेबलावर कागद पसरून मोर रंगवला. मला वाटलं, मी जिंकलो. आयुष्यात तेवढा मूर्ख मी कधीच झालो नव्हतो.

दहाव्या दिवशी सहज विचारलं, “मनू, बाया आता येत नाहीत ना?”

“येत्यात की.”

“कुठं?”

तिनं बाहेरच्या दाराकडे पाहिलं. “तिथं उभ्या ऱ्हात्यात. आत याया जागा न्हाई ना, बाबा... त्यांच्या हातातलं शेन वाळून जातंय.”

दारात ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. मी टेबलांवरून पलीकडे जाऊन दार लावलं आणि कडी घातली.

वैशाखातल्या एका दुपारी तिचा श्वास अडखळायला लागला. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. डॉक्टर मागच्या दारानं येऊन इंजेक्शन देऊन गेले, जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मनूची मान एका बाजूला पडली. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, आणि हवा काही आत जात नव्हती.

आई म्हणाली, “पोरा, खाली घे तिला.”

“नाही.”

“आरं, वर जाऊ दिऊ नको लेकराला. लोंबकाळत ऱ्हातंय मागं.”

“ती जात नाहीये, आई. तू गप बस.”

खोलीत शेणाचा वास भरला. दाराची कडी मी लावलेलीच होती, तरी वास दाटत गेला. रतननं एकदा दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एकदम खाली बसून ती टेबलाची पट्टी ओढायला लागली. खिळे मी ठोकलेले होते, बायकी हाताला कुठले निघतात! तिची नखं मोडली, बोटांतून रक्त आलं. मी तिचे दोन्ही हात मनगटाशी धरले आणि दाबून ठेवले. ती माझ्या हाताला चावली, तरी सोडले नाहीत.

“घ्या ओ खाली...” ती म्हणत होती. “पाया पडते तुमच्या... आतलं जातं, हातरी, सगळं काढते मी... आतल्या खोलीत तरी न्या...”

आतली खोली चार पावलांवर होती. तिथं भुई होती. मी जागचा हललो नाही. खाली घेतलं म्हणजे आपणच तिला जा म्हटल्यासारखं होईल, एवढंच मला कळत होतं.

“बाबा,” मनू म्हणाली. आवाज अगदी बारीक. “खाली...”

तेवढंच. मग छाती वर आली ती खाली गेलीच नाही. सोफ्यावरच. त्या सोफ्यावर जीव गेलेली ती पहिलीच.

आईनं पुढं होऊन तिचे डोळे मिटवले आणि मला म्हणाली, “तुज्या हातानं तिची भुई झाकलीस.” त्यानंतर दोन वर्षं आई जगली, माझ्याशी बोलली नाही.

माती देऊन आल्यावर मी सगळे खिळे उपटले, सगळी टेबलं फोडून दाराबाहेर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी सोफ्यापुढची फरशी सारवलेली होती. तीन फूट दहा इंच. मखमलीवर, जिथं मनू टेकायची, तिथं खळगा होता. मी हात फिरवून तो सारखा केला. बघता बघता तो पुन्हा दबला.

तेव्हा मला कळलं, त्या बाया तिला न्यायला आल्याच नव्हत्या. ज्या दुखण्याला उपाय नव्हता, त्याच्या शेवटी तिला भुई मिळावी, एवढंच त्या बघत होत्या. मी दोन्ही हात त्या खळग्यापाशी धरले, पोर उचलताना धरतो तसे. म्हटलं, “ये मनू, खाली घेतो.” हातांना काहीच लागलं नाही. ओल्या जागेपाशी तसाच वाकून उभा राहिलो, सारवण वाळेपर्यंत. रतनही रोज तसं करते. तिच्याही हातांना काही लागत नाही.

सोफा विकायचा प्रश्नच नाही. पोरीला कुणाच्या घरी पाठवू? या गोष्टीला आता चार वर्षं झाली. रोज दुपारी जागा सारवलेली असते, सणवार नाही, सुटी नाही. दुष्काळात गावातली जनावरं छावणीला गेली, गोठे ओस पडले, तेव्हाही एक दिवस चुकला नाही. मी आता त्याला भीत नाही. भीती वेगळीच आहे, आणि ती मी मोजलेली आहे. गेल्या दिवाळीत सहज टेप लावला, तर जागेची लांबी चार फूट पाच इंच भरली. मला वाटलं, माझीच चूक. परवा पुन्हा लावला. चार फूट सात.

रतन शेजारी उकिडवी बसली होती. तिनं आकडा विचारला नाही. सारवणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हातानं वीत-वीत मोजत गेली, आणि पेटीतला मनूचा निळा परकर आठवून म्हणाली,

“आता त्यो तिला पुरायचा न्हाई.”