ठोक्या थांबायला शिकतो

ठोक्याचा एकही ठोका चुकत नव्हता आणि तरीही त्याचं वाजवणं ऐकवत नव्हतं. शाल्मली या कोड्यापुढे हात टेकून बसली होती.

ठोक्या हा मिरजेतल्या तिच्या शाळेचा वादक यंत्रमानव. ढोलकी, पेटी, सगळे आवाज त्याच्या पोटात. शनिवारी निंबाळे गुरुजींचा निरोपसमारंभ होता. एकतीस वर्षं त्यांनी प्रार्थनेला पेटी वाजवली होती, पण आता बोटं आखडली होती. त्यांच्यासमोर पहिलीची मुलं तीच प्रार्थना म्हणणार होती आणि साथ बसवायचं काम सातवीतल्या शाल्मलीनं मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं होतं.

"शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतंय," आजोबा म्हणाले. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). निवृत्त झाले तरी नाक खुपसायची सवय गेली नव्हती.

"पण आजोबा, प्रत्येक ठोका जागच्या जागी आहे. जोरही सारखा."

"तिथंच तर गोम आहे. माणसाचा हात काही मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) मागेपुढे पडतो. समेवर जोरात, मधल्या ठोक्यांवर हलका."

शाल्मलीनं लगेच ठोक्याला फर्मावलं, "प्रत्येक ठोका कसाही मागेपुढे कर."

ढोलकी आणि पेटी जिन्यावरून गडगडत आल्यासारखी वाजली. आजोबा पोट धरून हसले. शाल्मलीला मात्र रडू यायचंच बाकी होतं, कारण हातात फक्त शुक्रवार उरला होता.

"अगं, माणूस कसाही मागेपुढे होत नाही," आजोबा नरमाईनं म्हणाले. "त्याला कारण असतं. गुरुजींची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत ना शाळेत? मोजून बघ."

शुक्रवारी ठोक्यानं दोनशे सकाळच्या प्रार्थना मोजल्या. ओळीच्या सुरुवातीला पेटीचा सूर भरदार, शेवटाकडे मऊ. ते ठीकच होतं. पण तिसऱ्या ओळीनंतर गुरुजी थबकत होते. जूनमध्ये चारशे मिलिसेकंद, गणपतीत दोनशे, दिवाळीनंतर जवळजवळ शून्य. पुढच्या जूनमध्ये पुन्हा चारशे.

जूनमध्येच का? शाल्मली पडद्याकडे बघत राहिली आणि तिला आपला पहिलीतला पहिला दिवस आठवला. तिसरी ओळ लांबलचक, तिचा श्वास संपलेला. आता आपण मागे राहणार म्हणून ती घाबरली होती. पण राहिली नव्हती. पेटी तिच्यासाठी थांबली होती, आणि हे तिला आज कळत होतं. तिचे डोळे भरून आले.

"मग विराम किती ठेवायचा?" आजोबांनी विचारलं.

"आकडा नाही ठेवायचा. गुरुजी मोजून नाही, ऐकून थांबत होते." तिनं ठोक्याला नवा नियम दिला: मुलांनी श्वास घेतल्याचं ऐकू आलं की मगच पुढची ओळ.

शनिवारी मोठी सभा बघून पहिलीतली एक चिमुरडी तिसऱ्या ओळीनंतर अडखळली. पेटीनं सूर धरून ठेवला. चिमुरडीनं श्वास घेतला आणि मगच चौथी ओळ आली.

गुरुजींनी चमकून मान वर केली. प्रार्थना संपल्यावर त्यांनी शाल्मलीला जवळ बोलावलं.

"याला तिथं थांबायला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच, गुरुजी. माझ्यासाठीसुद्धा थांबला होतात तुम्ही."

"तुझ्या लक्षात आलं होतं होय?"

"काल आलं," शाल्मली म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली.

गुरुजींनी चष्मा पुसला. मग आखडलेल्या बोटांनी ठोक्याच्या पत्र्याच्या पाठीवर थोपटलं.

"जूनमध्ये नवी पोरं येतील," ते त्याला म्हणाले. "सांभाळून घे बाबा."