कापशी घारीच्या डोळ्यांचा रंग

जेवणाच्या सुट्टीत दारावर टकटक झाली. कल्पिताने दार उघडलं. कापडात काहीतरी गुंडाळून एक तरुण उभा होता... खांद्यावर दोर, बुटांना चिखल.

"पक्ष्यांचा संग्रह इथेच ना? ही मेलीय. पण फेकवेना."

कापडात कापशी घार होती. करडी पाठ, पांढरंशुभ्र पोट, एकही पीस मोडलेलं नाही. कल्याणच्या विद्यापीठ केंद्रात कापूस भरून जपलेले शिक्रे, ससाणे, घारी सांभाळणं हे कल्पिताचं काम. डांबरगोळ्यांच्या वासात सगळे ड्रॉवरमध्ये ओळीने निजलेले. कापशी मात्र एकही नव्हती.

"वनखात्याची परवानगी घेऊन ठेवता येईल. कुठे मिळाली?"

"मानपाड्याच्या मागे, तारांखाली. मी सुशांत. लाइनमन आहे."

नोंद करताना ती अडली. "डोळ्यांचा रंग लिहायचा असतो. मेल्यावर तो फिका पडतो, आणि आम्ही तर डोळ्यांच्या जागी कापूसच भरतो..."

"लाल," तो म्हणाला. "रोज सकाळी ती तारेवर, मी खांबावर. बघत बसायचो एकमेकांकडे."

"इतकं नीट बघता?"

"आवडलं की बघतो."

कल्पिताने मान खाली घातली, आणि 'लाल' दोनदा लिहिलं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला, रिकाम्या हातांनी. घारीची शेपटी कशी ओळखायची, शिक्रा काय खातो... विचारायचा पक्ष्यांबद्दल, बघायचा तिच्याकडे. तिलाही शनिवारी केस तीन-तीनदा विंचरावेसे वाटत.

श्रावणात तिला डेहराडूनला पीएचडीची जागा मिळाली. हे कळल्यावर तो यायचाच थांबला. दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी भुरभुर थांबताच ती रिक्षाने मानपाड्याला गेली. विचारत विचारत त्याचा खांब गाठला.

"खाली या जरा."

तो उतरला. "मॅडम, तुम्ही इथे?"

"येणं का बंद केलंत?"

"तुम्ही डॉक्टर होणार. मी आयटीआयवाला. म्हटलं, उगाच मध्ये यायला नको."

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "चार वर्षं. दर सुट्टीत घरी येईन. तोवर थांबेल असं कोणी असलं तर... बरं वाटेल. फक्त त्याने मॅडम म्हणायचं नाही."

 मग हळूच — "कल्पिता."

"हं."

"थांबेन मी. तुझ्या घरी कधी येऊ बोलायला?"

"उद्या ये," ती हसली. "आधी तो हातमोजा काढ."

त्याने काढला. तिने त्याचा हात हातात घेतला.