बारा खुंट्या

किल्ल्या बनवणारीच्या घरात एकही कुलूप तिच्या एकटीचं नव्हतं. नवऱ्याची शिस्तच तशी होती: प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली धाकट्या भावाकडे. नवरा जाऊन चार वर्षं झाली, तरी दीर अजून न विचारता तिचं कपाट उघडायचा आणि हवे तेवढे पैसे उचलायचा.

म्हणून त्या दुपारी दुकानातच तिने मोबाइलवर क्रिप्टोचं वॉलेट काढायला घेतलं. भाचीने समजावलं होतं, बारा शब्द येतील, तीच किल्ली. कागदावर लिहून ठेव, कोणाला दाखवू नकोस. शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे.

शब्द आले. कंदील, पायरी, मीठ, सुतळी. चौथ्यावर तिचा हात थांबला आणि तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

चोराला घर कळू नये म्हणून नवरा गिऱ्हाइकाच्या किल्लीला नावाऐवजी एखादा शब्द लिहिलेला पुठ्ठ्याचा बिल्ला बांधायचा. बारा खुंट्या, बारा बिल्ले. कंदील, पायरी, मीठ, सुतळी. शेवटपर्यंत तेच शब्द, त्याच क्रमाने.

अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त राग आला. गेल्यावर तरी माणसाने लुडबूड करू नये. तिने वॉलेट पुसलं, बाराही बिल्ले कातरून कचऱ्यात टाकले आणि भिंतीकडे पाठ करून पुन्हा सुरुवात केली.

या वेळी शब्द वेगळे होते. ते कागदावर उतरवून तिने मूठ मिटली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

एवढ्यात आपल्या किल्लीने मागचं दार उघडून दीर आत आला. त्याची नजर भिंतीवर गेली.

"वहिनी, हे बिल्ले कधी लावलेत?"

"कुठले?"

तो वाचू लागला. "घंटा. वाळू. कोयता. जाळी." मग थांबला. "अक्षर दादाचं आहे. शाई ओली आहे अजून."

मुठीतला कागद तिला उघडून बघावा लागला नाही.

"वाचा भावोजी, सगळे वाचा," ती म्हणाली, आणि तिने वॉलेट पुन्हा पुसलं.

पुढचं वाचायचं सोडून तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, दोन्ही हात खिशात. नव्या वॉलेटचा पहिला शब्द उमटला.

मागे पुठ्ठ्यावर पेन चालू लागलं.

दिराचा चेहरा पांढरा पडला. तिने मान वळवली नाही.

"लिहा तुम्ही," ती म्हणाली. "बघू आधी कोण थकतं."

पेन थांबलं नाही.