दर्यावर्द्याचा हात

आमचं अर्धं घर रस्त्यावर उभं आहे, असं आई थट्टेने म्हणायची. वडील शिल्पकार. शहराच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना थोर माणसांचे पुतळे उभारायचं काम त्यांच्याकडे आलं, पण त्यातल्या बऱ्याच जणांचं साधं चित्रही कुठे नव्हतं. मग वडिलांनी घरच्यांना वेठीला धरलं. न्यायाधीशांना मामाचे कान मिळाले. मामाने स्वतः जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही. पहिली शाळा काढणाऱ्या बाईंना आईचा हात मिळाला आणि समुद्राचे नकाशे काढणाऱ्या दर्यावर्द्याला माझ्या दादाचा. प्लास्टर सुकेपर्यंत "झालं का? झालं का?" करत तो कुरकुरत बसला होता. त्या दोघांचे प्लास्टरचे हात नंतर बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेले. आईचा वरच्या फळीवर, दादाचा खालच्या.

पुढे दादा खरोखरच बोटीवर नोकरीला गेला. काही वर्षं पत्रं येत राहिली, मग बंद झाली. वडिलांनी ठिकठिकाणी चौकशा केल्या, पण ठावठिकाणा लागला नाही. त्याचं वाईट वाटून घेतच ते गेले.

आई मात्र रोज संध्याकाळी मला घेऊन त्या रस्त्याने फिरायला निघायची. दर्यावर्द्याचा चौथरा बुटका होता. त्याने पुढे केलेला उघडा तळवा सहज हाताला लागायचा. आई तो नीट चाचपून बघायची.

"बोटं जाड झालीत गं. खाऊनपिऊन सुखी दिसतोय."

"आई, ब्रॉन्झ आहे ते."

"तुझं विज्ञान शाळेत शिकव. मला नको."

मी खरंच शाळेत विज्ञान शिकवत होते. पावसापाण्याने धातूवर पुटं चढतात, एवढं मला कळत होतं. एका वर्षी त्या अंगठ्याखाली चीर दिसली. आई दोन दिवस जेवली नाही. मी वडिलांच्या ओतारीकाकांना बोलावून आणलं; सगळे पुतळे त्यांनीच ओतले होते. ते येईपर्यंत चीर बुजून तिथे उंचवटा आला होता.

काका बराच वेळ बघत राहिले. "भेग पडते," ते म्हणाले, "पण भरून येत नाही."

आई गेल्यावरही मी जात राहिले. सवय म्हणून, असं लोकांना सांगायचे. खरं म्हणजे मला दादा हवा होता. तो आहे की नाही, हे सांगणारं दुसरं काही माझ्याकडे उरलंच नव्हतं. हळूहळू त्या हाताची कातडी सैल पडली, नखं जाड झाली. माझे केस पांढरे होत होते, त्याच चालीने. आम्ही दोघं बरोबरीने म्हातारे होतोय, या विचाराने बरं वाटायचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. पुतळे गोदामात हलवणार होते.

त्या सकाळी क्रेन आली. उन्हं चांगली वर आली होती. थकलेले ओतारीकाकाही मुद्दाम आले होते. ते दर्यावर्द्यापाशी थबकले.

"पोरी, इकडे ये जरा."

उघडा तळवा मिटला होता. काहीतरी घट्ट धरल्यासारखा.

"मी हा उघडा ओतला होता," काका म्हणाले.

मी हात लावला. उन्हाने पुतळ्याची छाती तापली होती, खांदा तापला होता. हात तेवढा गार होता.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मला रडू कोसळलं. भर रस्त्यात, लोकांसमोर, मी दादाला हाक मारून रडले.

घरी आले. निदान त्याचा प्लास्टरचा हात तरी जवळ घेऊन बसावं म्हणून कपाट उघडायला गेले. आई गेल्यापासून ते उघडलं नव्हतं. किल्लीवर धूळ होती.

खालची फळी रिकामी होती.

वरच्या फळीवर आईच्या हाताने दुसरा एक हात धरला होता. बोटांत बोटं अडकवून. मी सोडवायला गेले, सुटले नाहीत.

दादाचा हात प्लास्टरमध्ये घेतला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

आईने धरलेल्या हाताची नखं जाड होती, कातडी सैल होती, आणि अंगठ्याखाली भरून आलेला व्रण होता.