नवमीचा कोरा रकाना

"माझे वडील खोटं लिहिणारे नव्हते," असं म्हणून अनुसूयाने खासगी तपासनीस संयोगिता यांच्यापुढे दोन वह्या ठेवल्या: एक घरातली जुनी, दुसरी तलाव समितीकडून मागून आणलेली शेवटची.

तिच्या वडिलांनी, भीमाचार्यांनी, तीस वर्षं हुणसेकट्टे तलावाची पातळी रोज टिपली होती. जानेवारीत ते गेले आणि चालू वही समितीने नेली. त्यांच्या शेवटच्या वहीप्रमाणे पाणी नऊ फुटांखाली कधीच उतरलं नव्हतं. त्याच आधारावर तलावाचं पाणी पाणलोटाबाहेर, पलीकडच्या खोऱ्यात नेण्याचा परवाना मिळणार होता. सुनावणी सोमवारी होती.

"आमच्या विहिरी आत्ताच तळाला गेल्यात. लोक म्हणतात, आचार्यांनी तलाव विकला."

"अक्षर तर त्यांचंच दिसतं," सहायक वादिराज पुटपुटला.

संयोगिताने जुनी वही चाळली. एकही रकाना कोरा नव्हता. नव्या वहीत एकच कोरा होता, खंडेनवमीचा.

"नवमीला वही कुठे असे?"

"देव्हाऱ्यात, पूजेला. दशमीला फुलं काढली की अप्पा आधी तीच उघडत."

परवान्याचा अर्जदार, अभियंता पवनकुमार, वैतागलेला होता. "वही मला तलाव समितीने दिली. आचार्यांना मी पाहिलंही नाही. तो कोरा रकाना मलाच खटकला. एका दिवसासाठी अर्ज परत आला तर?"

समितीचे चिटणीस नरसिंगराव मात्र हसले. "भीमा आणि मी एकाच मास्तरांकडे अक्षर गिरवलं. नवमीचं माझं जेवण त्याच्याकडे ठरलेलं. त्या दिवशी तो लेखणीला शिवत नसे. कोरा रकाना हीच त्याची सही समजा."

"म्हणजे वही खरी!" वादिराज म्हणाला.

संयोगिताने विचारलं, "आपली मुलगी कुठे असते?"

"विद्याश्री? पलीकडच्या खोऱ्यात. आठवड्याला एक टँकर येतो."

शनिवारी सगळे नरसिंगरावांच्या ओसरीवर जमले.

"पवनकुमारांनी वही रचली असती, तर रकाना भरला असता," संयोगिता म्हणाली. "आचार्यांनी लिहिली असती, तरीही भरला असता. नवमीला ते पातळी लक्षात ठेवत आणि दशमीला दोन्ही आकडे लिहीत. म्हणून जुनी वही पूर्ण आहे. रकाना कोरा सोडेल तो नवमीला जेवून जाणारा, दशमीला तिथे नसणारा माणूस. अक्षरही तसंच गिरवलेला. नरसिंगराव, खरी वही जाळलीत?"

नरसिंगरावांनी आत देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"पूजेतली वही कशी जाळू?"

त्यांनी ती आपल्या देव्हाऱ्यातून आणली. पानांत झेंडूची वाळकी पाकळी होती. अनुसूयाने नवमी काढली.

"सहा फूट," तिने वाचलं.

"अनू, विद्याश्रीची पोरं एका बादलीत अंघोळ करतात गं."

"मग ते सुनावणीत सांगायचं होतं, काका. गेलेल्या माणसाला कशाला खोटं बोलायला लावलंत?"

आत फोन वाजू लागला. टँकर आला की नाही हे कळवायला विद्याश्री दर शनिवारी फोन करत असे. नरसिंगराव जागचे हलले नाहीत.