चौदा नंबरचा ऑप्शन

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या त्या रिकाम्या प्लॉटवर एक माणूस भुरभुर पावसात मोबाइल हातात धरून गोल गोल फिरत होता.

"अगं आई, दक्षिण नाही, आग्नेय!"

मराठी ऐकून मी कुंपणाशी थांबले. "चौदा नंबर... तुमच्याकडे आहे?"

"हो. मी अपूर्व. आईला दिशा कळवतोय. तुम्ही?"

"संहिता. तुम्ही सोडलात तर ते घर मला मिळेल."

चौदा नंबरचा ऑप्शन त्याच्याकडे होता, म्हणजे इथे बांधलं जाणारं ते घर बिल्डरने पंधरा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. घ्या नाहीतर सोडा. राखीव यादीत पहिली मी.

तो हसला. गालावर खळी पडली. मला ती अजिबात आवडली नाही, असं मी स्वतःला दोनदा बजावलं.

मग या माणसाने माझा अंत पाहिला. मंगळवारी फोन केला, तर म्हणे स्वयंपाकघर पश्चिमेला येतंय. गुरुवारी म्हणे बँकेचं उत्तर नाही. रविवारी अ‍ॅमस्टेलव्हीनला कॉफी प्यायला बोलावलं. ठरलं असेल म्हणून धावत गेले, तर हा दहा मिनिटं दोन केकांमधून एक निवडत बसला! माझ्या गळक्या छत्रीचा दांडा मात्र त्याने न सांगता धरला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही.

शेवटचा शुक्रवार. पाचला मुदत संपणार. साडेचारला मी फोनवर फुटलेच.

"अपूर्व, बाबांना जिना चढवत नाही रे! माझ्या बजेटमध्ये खाली झोपायची खोली असलेलं हे एकच घर आहे. ते इथे येऊन राहतील, नाहीतर पुण्यात एकटे..."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणाची दया नको होती!"

पाच मिनिटांत बिल्डरची मेल आली. ऑप्शन माझा.

त्याचा फोन मागोमाग. "खरं सांगू? आईने पहिल्याच दिवशी नकार दिला होता."

"काय?"

"सोडला असता, तर तू मला फोन का केला असतास...?"

"पंधरा दिवस मी जेवले नाहीये नीट, गाढवा!"

"माहीत नव्हतं गं. चुकलं माझं. पण आवडतेस तू मला. त्या कुंपणापासून."

मी फोन आपटला. खरं तर हळूच ठेवला.

सोमवारी करारावर सही केली. कायद्याने मला मन बदलायला तीन दिवस होते. मी त्यालाही मेसेज टाकला : 'तुलाही तीनच दिवस. बोललेलं रद्द करायचं तर लेखी कळव.'

तीन दिवस मी मोबाइल उशाशी घेऊन झोपले. स्वतःचीच चीड येत होती.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. माझा उभा जिना चढून अपूर्व धापा टाकत दारात उभा होता. हातात केकचा खोका.

"मुदत रात्री बाराला संपली," तो म्हणाला. "काही कळवलं नाही मी."

"आता मागे फिरलास तर घराच्या करारासारखा दहा टक्के दंड."

"कशाचे?"

"मी ठरवीन." त्याच्या हातातला खोका घेतला आणि दारातून बाजूला झाले. "केक कुठला आणलास?"

तो ओशाळला. "दोन्ही."